आठवण कापायची नाही

“हेमराज लांजेवार खोटं बोलतात,” मी काणेकर सरांना म्हटलं.

सरांचा गुरुवार होता. ते साबुदाण्याची खिचडी खात होते. चमचा तोंडापाशीच थांबला.

“कोण?”

“हेमराज लांजेवार. अकरा वेळा खोटं बोललेत, आणि अकराही वेळा आपल्याच चॅनेलवर. चला, दाखवते.”

ही गोष्ट दोन हजार सहाच्या नोव्हेंबरातली. मी सत्तावीस वर्षांची होते आणि एका मराठी वाहिनीच्या संशोधन विभागात काम करत होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि कॅसेटच्या खोलीची किल्ली. कुठल्या संताची जयंती कधी, कुठल्या नटीचं पहिलं नाटक कोणतं, असल्या गोष्टी निवेदकांना कागदावर लिहून द्यायच्या, हे माझं काम. त्या वर्षी एकतीस डिसेंबरचा खास कार्यक्रम हेमराज लांजेवारांवर करायचं ठरलं होतं आणि काणेकर सर त्याचे निर्माते होते.

हेमराज लांजेवार तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. सिनेमात नाव होतं, नाटकात तर होतंच. त्यांच्या पाठांतराबद्दल दंतकथा होत्या. दोन अंकी एकपात्री नाटक त्यांनी चार दिवसांत पाठ केलं होतं आणि विंगेत प्रॉम्प्टर ठेवला तर ते अपमान समजत. मालिकेत त्यांनी कधी काम केलं नाही. पण दिवाळी असो, महाराष्ट्र दिन असो, महिला दिन असो, खास कार्यक्रम म्हटला की पाहुणे म्हणून ते हजर. पैशाची घासाघीस नाही, मोठ्या खोलीचा हट्ट नाही. अट एकच, आणि ती करारपत्राच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली असे: ‘आठवण कापायची नाही.’

कार्यक्रमात कधीतरी ते एक आठवण सांगत. दीड-दोन मिनिटांची. ती जशीच्या तशी दाखवायची. नटांची असली खुळं असतातच, म्हणून कुणी त्यावर विचार केला नव्हता. मीसुद्धा केला नसता. पण त्यांच्या सगळ्या हजेऱ्यांमधले चांगले तुकडे निवडायचे होते, म्हणून मी त्या अकरा कॅसेट तीन दिवसांत सलग पाहिल्या. तशा त्या कधी कुणी पाहिल्याच नव्हत्या. एकेक, सहा-सात महिन्यांच्या अंतरानं पाहिल्या होत्या.

मी पहिली कॅसेट लावली. नव्याण्णवची दिवाळी. हेमराज रेशमी झब्ब्यात बसलेले.

“झाडीपट्टीत, तिकडे गडचिरोलीकडे, आमची नाटक कंपनी होती,” ते पडद्यावर सांगत होते. “एकदा काय झालं, तिसरा अंक, दरबाराचा प्रवेश. मी आत येतो आणि म्हणतो, ‘महाराज’. आणि पुढचं सगळं साफ! पाटीवरून ओला फडका फिरवावा तसं. समोर पहिल्याच रांगेत लाल घोंगडी पांघरलेला एक म्हातारा. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. आणि तेवढ्यात विंगेतून आवाज आला. आमचे प्रॉम्प्टर. रामकृष्ण चिंधूजी गहाणे, मुक्काम सावरटोला, तालुका देसाईगंज. त्यांनी वाक्य असं हळूच सोडलं, की मला वाटलं माझंच मला आठवलं. ते नसते, तर आज मी इथे नसतो.”

“छान आहे की,” काणेकर सर म्हणाले.

“आता हे बघा. दोन हजार, महाराष्ट्र दिन.”

तोच दरबार, तेच ‘महाराज’, तोच ओला फडका आणि तीच लाल घोंगडी. फक्त या वेळी वाचवलं ते पेटीवाल्यानं. त्यानं अचानक एक सुरावट सुरू केली आणि नटाला विचार करायला वेळ मिळाला. पेटीवाल्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका.

तिसऱ्या कॅसेटमध्ये कपडे शिवणाऱ्या पार्बताबाई सीताराम शेंडे. त्यांनी मागच्या पडद्यामागून शेला ओढून कानात वाक्य सांगितलं. चौथ्यात बत्तीवाला. पाचव्यात तबलजी.

सरांनी खिचडीचा डबा बाजूला ठेवला. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. “अकराच्या अकरा?”

“एकच रात्र. अकरा माणसं.”

“शुभदा, तू सोनं काढलंस. हे सगळे तुकडे एकापाठोपाठ एक लावायचे. ‘महाराज’, ‘महाराज’, ‘महाराज’. लोक हसून लोळतील. आणि ते हेमराजना स्टुडिओत, प्रेक्षकांसमोर दाखवायचं. आधी अजिबात सांगायचं नाही. मग निवेदिका विचारेल, यातला खरा कोण?” त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. “आणि यातले दोघं-तिघं स्टेजवर आणता आले तर? मी वाचवलं, नाही मी वाचवलं! तू जा वडशाला.”

मला आनंद झाला हे कबूल करायला हवं. चार वर्षांत पहिल्यांदा संशोधन विभागाला कुणी कुठे पाठवत होतं. आणि मला खरंच कुतूहल होतं. थाप मारणारा माणूस गोष्ट रंगवतो, तपशील बदलतो. हेमराज तपशील तेच ठेवत होते आणि माणूस बदलत होते. आणि थापेत कुणी बापाचं नाव आणि तालुका कशाला सांगेल?

*

नागपूरहून एसटीनं वडशाला पोचले तेव्हा दुपार झाली होती. स्टेशनला वडसा म्हणतात, सरकारी कागदावर देसाईगंज. नाटकांचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाटक कंपन्यांची ऑफिसं, त्यांच्यावर रंगीत फलक, फलकांवर तलवारी आणि रडणाऱ्या नायिका. भाताची कापणी झालेली, रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, मंडप उभे राहत होते.

पार्बताबाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात धान वाळत घातलं होतं आणि पडवीत त्या शिलाई मशीनवर बसलेल्या होत्या. सत्तरीच्या असतील. दोरा ओवताना त्यांनी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

“हेमराजकडून आली का?”

“नाही. टीव्हीकडून.”

“एकच झालं.”

मी बसले, पाणी प्याले आणि वही काढली. “त्या रात्री तुम्ही पडद्यामागून शेला ओढलात आणि हेमराजना वाक्य सांगितलंत. तुम्हाला नाटकातली वाक्यं पाठ होती?”

“मी कायले शेला ओढू?” पार्बताबाई म्हणाल्या. “मी तं तिथं नव्हतीच. माही मोठी पोरगी पोटात होती, नववा महिना. घरीच होती मी.”

“पण ते तर टीव्हीवर म्हणाले...”

त्यांनी मशीन थांबवली आणि मला नीट न्याहाळलं. “तू टीव्हीची आहेस का सरकारची?”

“टीव्हीची.”

“मंग बस.”

आतून त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली. पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड होतं. त्यावर त्यांचा फोटो आणि जिल्ह्याच्या समितीचा शिक्का. म्हाताऱ्या कलावंतांना दरमहा मानधन मिळतं, त्याचं ते कार्ड.

“सव्वीस वर्षं शिवलं मी कंपनीत,” त्या म्हणाल्या. “राजाचं शिवलं, रानीचं शिवलं, भिकाऱ्याचं फाटकं बी मीच शिवलं. आमचे हे गेले, पोरगी सासरी गेली, डोयाले कमी दिसू लागलं. तवा कोनीतरी सांगतलं, मानधनाचा अर्ज कर. गेली मी हापिसात. तिथला साहेब चांगला होता, पन म्हने पुरावा आना. जाहिरातीवर तुमचं नाव दाखवा. आता जाहिरातीवर नटाचं नाव असते, मालकाचं असते. शिवनारीचं कुठं असते? मी म्हनलं, साहेब, राजाच्या अंगरख्याची बटनं आनू का?”

“मग?”

“मंग हेमराजनं माहं नाव घेतलं. माहं, आमच्या ह्याइचं, गावाचं, तालुक्याचं. सारं जग पाहून राह्यलं होतं तवा घेतलं. ते कॅसेट फायलीत लागलं. साहेब म्हने, एवढा मोठा नट सांगते, आनखी काय पुरावा पाहिजे?” त्यांनी कार्ड पुन्हा पिशवीत गुंडाळलं. “गहान्याचं तसंच झालं. पेटीवाल्याचं तसंच. आम्ही सारे नाटकातलेच, बाई. फकस्त नाव नव्हतं कुठं.”

माझ्या पिशवीत काणेकर सरांनी दिलेली यादी होती. अकरा नावं. म्हणजे अकरा फायली. ती सगळी नावं एका पाठोपाठ एक लावून, खाली हसण्याचा आवाज टाकून, आम्ही एकतीस डिसेंबरला साऱ्या महाराष्ट्राला दाखवणार होतो. आणि ते शोधून काढलं होतं मी.

माझा चेहरा उतरलेला पार्बताबाईंनी पाहिला असावा. पण त्यांना वाटलं, मला स्टेजवर न्यायला माणूस मिळाला नाही म्हणून मी हिरमुसले.

“मंगरूकडे जाऊन पाहाय,” त्या म्हणाल्या. “मंगरू कोडापे. पडदा ओढे तो. आमच्यातला तेवढाच मानधनाबिगर उरला. हेमराजनं त्याले बी चिठ्ठी धाडली होती, नाव घेऊ का म्हनून. त्यानं चिठ्ठी वापस केली.”

*

मंगरू कोडापे एका राइस मिलच्या फाटकावर स्टुलावर बसलेले होते. पंचाहत्तरीच्या पुढचा, उंच, हडकलेला माणूस. अंगात मिलचा खाकी सदरा. मी कुठून आले ते सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

“माहं नाव घेऊ नको म्हनाव.”

“का? बाकीच्यांची घेतली त्यांनी.”

“त्याइचं त्याइपाशी. त्याइनं कंपनीत जिंदगी घातली, त्याइले भेटलं ते बरोबरच हाय. पन मले खोटं नाही पाहिजे. मी काई त्याले वाक्य सांगतलं नाही. मी तं त्याच्यावर पडदा टाकला.”

“म्हणजे ती रात्र खरंच झाली होती?”

मग शेजारचं एक रिकामं पोतं झटकून त्यांनी मला बसायला दिलं. माझ्या नंतर लक्षात आलं की हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता.

“झाली नाही तं काय! पोरगा होता तो, एकोनीस वर्षांचा. पह्यलाच प्रयोग. ‘महाराज’ म्हने आन् खांबावानी उभा. प्रॉम्प्टर दारू पिऊन झोपलेला. पेटीवाला जेवाले गेला होता. कोनीच नव्हतं, बाई. लोक पह्यले हासले, मंग शिट्ट्या, मंग चपला आल्या. मालक विंगेत माह्या बाजूलेच उभा होता. मी म्हनलं, मालक, शिट्टी मारा, पडदा टाकतो. आमच्यात पडदा मालकाच्या शिट्टीवर पडे. मालक म्हने, राहू दे उभा. पैसे देऊन आले लोक, तेवढं तरी हासू दे त्याइले.”

“मग?”

“त्या पोराच्या गालावर चप्पल लागली. तो हातानं गाल बी झाके ना. मंग मी दोर सोडला.”

“शिट्टी नसताना?”

“नसताना,” ते म्हणाले. “मालकानं तिथंच कानाखाली मारली माह्या. दुसऱ्या दिवशी हिशोब करून हाकललं. पंधरा वर्षं पडदा ओढला होता. पन मंग कोन्या कंपनीनं घेतलं नाही. बिनशिट्टीचा पडदा टाकनारा, कोन घेईल?”

“हेमराजना हे माहीत आहे?”

“त्याले कसं माहीत राहील? तो तं त्याच रातीले पयाला.” त्यांनी हात झटकले. “त्याले बोलाव म्हनून नाही सांगून राह्यलो मी. तू इचारलं, म्हनून सांगतलं.”

*

रेकॉर्डिंग सव्वीस डिसेंबरला दुपारी होतं. मी सकाळी स्टुडिओत पोचले तर काणेकर सरांनी केलेली अकरा तुकड्यांची जोडणी तयार होती. सव्वादोन मिनिटांची. त्यांनी ती मला दाखवली आणि स्वतःच हसले.

“माणसं का नाही आणलीस?”

“म्हातारी आहेत सर. एवढा प्रवास झेपणार नाही. आणि मला वाटतं, हे दाखवू नये.”

“का?”

सर वाईट नव्हते, हीच अडचण होती. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांना भरून आलं असतं, आणि तेच भरून आलेलं त्यांनी रात्री नऊ वाजता सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं असतं, फायलींसकट.

“त्यांना वाईट वाटेल,” मी म्हटलं.

“अगं, मोठा माणूस आहे. हसून घेईल.”

तासाभरानं मी मेकअपच्या खोलीचं दार वाजवलं. हेमराज आरशासमोर एकटेच बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, हातात काळा चहा. मी माझं नाव सांगितलं. जोडणीबद्दल सांगितलं. ती माझ्यामुळे झाली, हेही सांगितलं. मग वडशाला जाऊन आल्याचं सांगितलं.

त्यांनी चहा खाली ठेवला. “कुणाला बोललीस?”

“कुणालाच नाही. तुम्ही म्हणा, मी येत नाही. कार्यक्रमच रद्द होईल.”

“नाही होणार. माझ्याशिवाय जोडणी दाखवतील. मग उत्तर द्यायला कुणीच नसेल.” त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. “पहिलं खोटं मी माझ्यासाठी बोललो, बरं का. नव्याण्णव साली. बाई विचारत होत्या, पहिला प्रयोग कसा झाला? आता चपला खाल्ल्या असं कोण सांगेल? मी म्हटलं, गहाणेंनी वाचवलं. चार महिन्यांनी गहाणेंचं पत्र आलं, बाबा, तुझ्या बोलण्यानं मला मानधन लागलं. तेव्हा कळलं हे असंही होतं. मग एकेकाला वाचवू दिलं.”

“आणि खरं म्हणजे कुणीच वाचवलं नव्हतं.”

“कुणीच नाही. मालकानं पडदा टाकून मला हाकललं. आमच्याकडे मालकानं मध्येच पडदा टाकला म्हणजे त्या नटाचं संपलं. मी तसाच, रंग न पुसता, स्टेशनवर गेलो.”

“मालकानं नाही टाकला,” मी म्हटलं.

“काय?”

“शिट्टी वाजलीच नव्हती. मालक म्हणत होता, उभा राहू दे. मंगरू कोडापेंनी आपल्या मनानं दोर सोडला. त्यासाठी मार खाल्ला आणि त्यांचं काम गेलं. पुन्हा कुठल्याच कंपनीनं त्यांना घेतलं नाही.”

हेमराज खुर्चीत वळले. आरशातले नाही, खरेखुरे माझ्याकडे वळले. मग ते एकदम वडशाच्या बोलीत बोलले.

“कोनं सांगतलं तुले?”

“त्यांनीच. मी विचारलं म्हणून.”

“मी कधी इचारलंच नाही,” ते म्हणाले. “चिठ्ठी लिवली, नाव घेऊ का म्हनून. पन तू त्या रातीले काय केलं, हे नाही इचारलं.”

बाहेरून कुणीतरी हाक मारली. त्यांनी टॉवेल काढला, झब्बा सारखा केला आणि गेले.

*

मी कंट्रोल रूममध्ये काणेकर सरांच्या मागे उभी राहिले. स्टुडिओत तीनशे माणसं होती. गप्पा झाल्या, गाणं झालं, मग दिवे मंदावले आणि पडद्यावर जोडणी सुरू झाली. ‘महाराज’, ‘महाराज’, ‘महाराज’. चौथ्या ‘महाराज’ला हशा पिकला. अकराव्याला लोक टाळ्या वाजवत होते. एकेक नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, आणि वर हसण्याच्या लाटा.

दिवे लागले. निवेदिका डोळे पुसत म्हणाली, “दादा, आता तुम्हीच सांगा. यातला खरा कोण?”

कॅमेरा हेमराजच्या चेहऱ्यावर गेला. ते हसत नव्हते. मग हळूहळू त्यांनी कान पकडले.

“पकडलंत,” ते म्हणाले. “सात वर्षं लपवलं, आज पकडलंत. लोक म्हणतात, हेमराजचं पाठांतर काय! चार दिवसांत नाटक पाठ! अहो, कसलं पाठांतर? अकरा रात्री अडलो मी त्या वाक्याला. अकरा!”

“त्याच वाक्याला?”

“त्याच. ‘महाराज’ म्हटलं की पुढे अंधार. अख्खा हंगामभर. कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. दरबाराचा प्रवेश आला की आज याला कोण वाचवणार, अशा पाळ्या लावलेल्या असत. हे सगळे नसते तर कंपनीनं मला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं असतं. मला सांगायची लाज वाटायची, म्हणून दर वेळी एकच रात्र सांगितली.”

निवेदिका चांगली तयारीची होती. “आणि तो लाल घोंगडीवाला म्हातारा? तोही अकरा वेळा पहिल्याच रांगेत?”

घोंगडीचा विचार मी केलाच नव्हता.

“तो माझा मामा,” हेमराज क्षणाचाही वेळ न लावता म्हणाले. “भाच्याचं नाटक म्हणून जिथे प्रयोग तिथे बैलगाडी जुंपून यायचा. आता घोंगडी त्याच्याकडे एकच, तो तरी काय करणार!”

स्टुडिओ हशानं भरून गेला. काणेकर सरांनी मांडीवर थाप मारली. “बघ! मी म्हटलं नव्हतं, हसून घेईल?”

“पण बारावी रात्र राहिली,” हेमराज म्हणाले, आणि आवाज खाली आणला. “त्या रात्री मला कुणीही वाक्य सांगितलं नाही. कुणाला सांगताच आलं नाही. मी उभा. लोक हसले, मग चपला आल्या. एक इथे लागली.” त्यांनी गालाला हात लावला. “मालक म्हणत होते, उभा राहू दे, लोकांना हसू दे. पडदा ओढणारा एक माणूस होता. त्यानं मालकाची शिट्टी नसताना पडदा टाकला. त्याचं काम गेलं. पुन्हा कधीच मिळालं नाही. आणि मी अडतीस वर्षं समजत होतो, की त्या पडद्यानं मला हाकललं. हाकललं नव्हतं. मला झाकलं होतं.”

स्टुडिओत कुणी हसत नव्हतं.

“मंगरू लच्छू कोडापे,” ते म्हणाले. “मुक्काम पिंपळटोला, तालुका देसाईगंज, जिल्हा गडचिरोली.”

*

कार्यक्रम गाजला. दुसऱ्या आठवड्यात एका वर्तमानपत्रानं चौकट छापली, ‘पाठांतराचा बादशहा अकरा वेळा अडला’. विनोद झाले, नकला झाल्या. फेब्रुवारीत मी त्यांच्या नव्या नाटकाला गेले. निर्मात्यानं दोन्ही विंगांत एकेक प्रॉम्प्टर उभा केला होता. दुसऱ्या रांगेत बसून मला त्यांची कुजबुज ऐकू येत होती; प्रत्येक वाक्य ते हेमराजच्या आधी वाचत होते. हेमराजना एकाही वाक्याला त्यांची गरज पडली नाही. प्रयोगानंतर आत भेटायला गेले, तेव्हा मी त्याबद्दल काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, “पोरं चांगली आहेत. आवाज जरा मोठा आहे, एवढंच.”

यानंतर ते पुन्हा कुठल्याच खास कार्यक्रमाला पाहुणे म्हणून गेले नाहीत. बोलावणी येत होती. ते म्हणत, आता आठवण उरली नाही.

मार्चमध्ये एका सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडचा माणूस हळू, एकेक शब्द तोलून बोलत होता.

“संशोधन विभाग का? मी ठवरे बोलतो, गडचिरोलीहून. वृद्ध कलावंतांच्या समितीचं काम पाहतो. मंगरू लच्छू कोडापे यांचा अर्ज आला आहे. स्वतः येऊन भरून गेले. मी त्यांना विचारलं, आजवर का नाही केला? तर म्हणाले, आजवर खरं नव्हतं.”

“बरं.”

“पुरावा म्हणून तुमचा कार्यक्रम जोडला आहे. तो मी पाहिला. पूर्ण पाहिला, मॅडम. आता वरून विचारणा झाली आहे, वर्तमानपत्रात आलं ना, म्हणून. तेव्हा मला वाहिनीकडून लेखी हवं आहे. कोडापे यांच्याबद्दल जे सांगितलं, ते खरं आहे?”

“हो,” मी म्हटलं. “मी स्वतः जाऊन त्यांना भेटले आहे. ते अक्षरन्‌अक्षर खरं आहे.”

“ठीक आहे.” कागद उलटल्याचा आवाज आला. “पण पत्र मला एकाचं देऊन चालणार नाही. त्या कार्यक्रमात बारा जणांची नावं आहेत आणि बाराही फायली माझ्या टेबलावर आहेत. पार्बताबाई शेंडे काल येऊन बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या होत्या.”

मी टेबलावरच्या कॅसेटच्या यादीकडे पाहत राहिले. चार वर्षं मी लोकांच्या जन्मतारखा तपासत होते. एका सालाची चूक झाली तर मला झोप लागत नसे.

आज त्या बारांपैकी कुणी नाही. हेमराजही गेले, आणि ठवरेंनाही निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली. म्हणून सांगते आहे.

“मॅडम?” ठवरे म्हणाले. “तुम्ही संशोधन विभागाच्या आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. बाराच्या बारा रात्री झाल्या होत्या?”

“बाराच्या बारा,” मी म्हटलं.

“मग तसं लिहून पाठवा,” ते म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला श्वास मला इथपर्यंत ऐकू आला. “आज पाठवलंत तर बरं.”